‘ड्यूमार्सना वेळ द्या’ म्हणे! कशासाठी, आणखी एक पिक वाटायला?

चौथा_क्वार्टर:
एनबीएतल्या आपल्या न्यू ऑर्लिन्स पेलिकन्सचे कारभारी जो ड्यूमार्स यांच्याबद्दल काल मेटेरीकर यांनी लिहिलं, ‘डेरिक क्वीन ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) पहिल्या पाचात जायच्या लायकीचा होता, आपल्याला तेराव्यावर मिळाला, ड्यूमार्सना वेळ द्या.’ तिथेच उत्तर द्यायला घेतलं, पण ते इतकं लांबलं की वेगळा धागा काढतोय.

२०२५ च्या फेब्रुवारीत आपला इन्ग्रम टोरंटोला दिला. त्यातून आपल्याला इंडियानाचा २०२६ चा पहिल्या फेरीतला पिक (ड्राफ्टमध्ये खेळाडू निवडायचा हक्क) मिळाला. जूनमध्ये फायनल्स चालू असताना तोच पिक इंडियानाच्या पेसर्सना परत केला आणि यंदाचा २३वा घेतला. आठवडा उलटायच्या आत सातव्या गेममध्ये त्यांच्या हॅलिबर्टनचा अकिलीस (टाचेमागची कंडरा) तुटला, म्हणजे ते घसरणार आणि परत केलेला पिक वर जाणार. हे नशीब, ठीक. पण ड्राफ्टच्या रात्री काय केलं? तो २३वा, वर २०२६ चा आपला आणि मिलवॉकीचा यांतला जो वरचा ठरेल तो, असे दोन पिक अटलांटाला, आणि बदल्यात १३वा. दहा जागा वर सरकायला! आणि दिलेला पिक अनप्रोटेक्टेड, म्हणजे कितीही वरचा निघाला तरी गेलाच. ६१ सामने हरलेला संघ पुढच्या वर्षीचा पिक प्रोटेक्शनशिवाय देतो, तेही डिबान्सा, पीटरसन, बूझर अशी गाजलेली पोरं ड्राफ्टला यायच्या वर्षी. टॉप-४ प्रोटेक्शन (पहिल्या चारात निघाला तर आपल्याकडेच) तरी मागायचं होतं.

वर मॅक्कलम वॉशिंग्टनला. त्याच्या कराराचं एकच वर्ष उरलं होतं. आला कोण, तर दोन वर्षं उरलेला पूल, आणि गुडघ्यापायी गेला अख्खा सीझन बाहेर बसलेला बे. वेळ कसला द्यायचा?

मेटेरीकर:
एवढं लांबलचक लिहिलंत, त्यात क्वीन कसा खेळतो यावर एक ओळ नाही. मेरीलँडसाठी कोलोरॅडो स्टेटविरुद्ध शेवटच्या क्षणी टाकलेली बास्केट पाहिलीत का? आणि बिग (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) असून त्याचे पास? मिसी बचावाला, क्वीन हल्ल्याला, मग आपल्या स्टार झायनला डबल करायला (दोघांनी घेरायला) कोणाची हिंमत होणार नाही. पिक म्हणजे लॉटरीचं तिकीट. आमच्याच तिकिटाचं मे महिन्यात काय झालं? ड्राफ्टचा क्रम ठरवणाऱ्या सोडतीत चौथी सर्वात चांगली शक्यता असताना सातव्यावर घसरलो आणि पहिल्या क्रमांकाची १.८ टक्केच शक्यता असलेल्या डॅलसने कूपर फ्लॅग नेला. पिक कवटाळून बसायचं ते याच्यासाठी?

डेक्कनवाली:
झायनला डबल करायला आधी झायन कोर्टवर दिसायला हवा. गेल्या सीझनला ३० सामने! आणि क्वीनचं मनगट समर लीगमध्येच गेलं, ऑपरेशनही झालं. आपल्याकडे येणाऱ्याला दुखापत जर्सीबरोबरच मिळते बहुतेक.

मेटेरीकर:
डेक्कनवाली, तुम्ही पुण्यात बसून मोबाईलवर हायलाइट्स बघता. आम्ही तिकीट काढून संघाच्या घरच्या स्मूदी किंग सेंटरला जातो. रिकाम्या खुर्च्या बघून काय वाटतं ते तुम्हाला नाही कळायचं.

डेक्कनवाली:
हायलाइट्स?? तुमचा संध्याकाळी सातचा सामना हिवाळ्यात माझ्याकडे सकाळी साडेसहाला सुरू होतो. एका हातात फोन, दुसऱ्या हाताने डबा भरायचा. तिसरा क्वार्टर संपतो तेव्हा मी कर्वे रोडवर सिग्नलला असते, कानात कॉमेंट्री. सासूबाई विचारतात, ‘आज तरी जिंकले का गं?’ २१ वेळाच ‘हो’ म्हणता आलं. लीग पासचे (सामने ऑनलाइन बघायच्या वर्गणीचे) पैसे मीही भरते. तुमच्या तिकिटाला काय सोनं लागलंय?

मेटेरीकर:
पार्किंग, बिअर आणि हरल्यावर घरी जाताना मुलाचं पडलेलं तोंड, हे लीग पासमध्ये येत नाही, ताई. तो मॅक्कलमची जर्सी घालून झोपायचा. ट्रेडची बातमी मीच त्याला सांगितली.

चौथा_क्वार्टर:
म्हणजे तुम्हालाही तो ट्रेड लागलाच की! मग कालच्या पोस्टमध्ये ‘कॅपच्या (पगार-मर्यादेच्या) दृष्टीने समंजस’ कोणी लिहिलं होतं?

मेटेरीकर:
मुलाला लागला.

जुना_जॅझवाला:
पुणे की मेटेरी (न्यू ऑर्लिन्सचं उपनगर) हे भांडण चालू द्या. मी इथल्या ट्युलेन विद्यापीठात शिकत होतो तेव्हा सुपरडोममध्ये न्यू ऑर्लिन्स जॅझच्या पीट मॅराविचला निक्सविरुद्ध ६८ गुण मारताना पाहिलंय, फेब्रुवारी १९७७. त्यामुळे तिकिटाची फुशारकी मला नको. त्याच्या आदल्याच वर्षी न्यू ऑर्लिन्सने गेल गुडरिच घेतला. वय ३३. त्याच्या बदल्यात लेकर्सना पुढचे पिक दिले. त्यातला १९७९ चा कोण निघाला? मॅजिक जॉन्सन. आणि त्याच वर्षी संघ बाडबिस्तरा गुंडाळून सॉल्ट लेकला गेला. जाताना नावही घेऊन गेला! यूटामध्ये जॅझ! तिथे जॅझ कोण ऐकतं?

डेक्कनवाली:
काका, नावाचं दर धाग्यावर येतं 😄 पण गुडरिचचं खरंच माहीत नव्हतं.

मेटेरीकर:
काका, गुडरिच संपत आला होता, क्वीन विशीतला आहे. दुसरा नवा पोरगा फिअर्स तर १८ चा. दोघांत फरक आहे.

जुना_जॅझवाला:
घेतला कोण याच्याशी मला कर्तव्य नाही, दिलं काय ते बघा. ड्यूमार्स लुइझियानाचे, श्रीव्हपोर्टचे. त्यांना तरी हा इतिहास ठाऊक असायला हवा.

फ्री_थ्रो_हुकला:
ड्यूमार्सनी डेट्रॉइटला असताना २००३ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर डार्को मिलिचिच घेतला होता. मागे अँथनी, बॉश, वेड हे पुढचे स्टार शिल्लक होते. एवढंच सांगायला आलो.

मेटेरीकर:
आणि २००४ ला डेट्रॉइट चॅम्पियन झालं, तेही लेकर्सना हरवून. तेवढं सोयीस्कर विसरा.

चौथा_क्वार्टर:
ते डार्को बाकावर बसून जिंकलं. आणि अटलांटाचं काय? २०१९ मध्ये चौथा पिक त्यांना. गेल्या वर्षी मरेसाठी डायसन डॅनियल्स त्यांना. तो तिथे जाऊन ‘मोस्ट इम्प्रूव्ह्ड’ (सर्वाधिक सुधारलेला खेळाडू) झाला, मरेचा अकिलीस जानेवारीत तुटला. आता हा. आपण अटलांटा हॉक्सचं गोदाम आहोत का?

मेटेरीकर:
पहिले दोन ट्रेड आधीच्या कारभाऱ्याचे, ग्रिफिनचे, ते ड्यूमार्सच्या माथी मारू नका. म्हणून तर त्याला काढला. बरं, टॉप-४ प्रोटेक्शन मागायला हवं होतं. झालं समाधान? पण आता व्यवहार झालाय. हा सीझन आपण जिंकत राहायचं आणि मिलवॉकीच्या बक्सनीही जिंकत राहायचं, म्हणजे तो पिक खाली जाईल.

डेक्कनवाली:
बक्सनी त्यांचा स्टार लिलार्डच सोडलाय. तुमच्या मुलाला आता बक्सच्या यानिसची जर्सी घेऊन द्या, तेवढाच आपल्या पिकला हातभार.