कोड लिहिणारा गणिती कमअस्सल कसा काय?

बाळीवेसकर
परवा इथं 'होटगी रोड' यांनी लिहिलं की आपल्या सोलापूरच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी अख्खं आयुष्य कॉम्प्युटर अल्जिब्रात, म्हणजे यंत्राकडून अचूक बीजगणित करून घेण्याच्या शास्त्रात घातलं, नावावर एक प्रमेय नाही, "हुशार माणूस कॅल्क्युलेटर घडवण्यात वाया गेला". त्यावर अंगठेही बरेच पडले. गप्प बसणार होतो, पण राहवत नाही.

कॅल्क्युलेटर १/३ ला ०.३३३ करून मोकळा होतो. या क्षेत्रात १/३ हा १/३ च राहतो, √२ हा √२ च. आणि खरी पंचाईत तिथूनच सुरू होते. एक आठव्या घाताची बहुपदी, एक सहाव्या घाताची, सहगुणक सगळे एक-दोन अंकी. युक्लिडच्या रीतीने मसावि काढा, अपूर्णांक येऊ देऊ नका. संगणकशास्त्रज्ञ क्नूथचं हे गाजलेलं उदाहरण. उत्तर येतं १, पण वाटेत ३५ अंकी संख्या उभ्या राहतात! मग उपाय असा की एखादी मूळ संख्या धरायची, सगळं तिच्या बाकीत मोजायचं आणि शेवटी खरं उत्तर परत उभं करायचं. कुठली मूळ संख्या दगा देईल, किती घेतल्या म्हणजे पुरे, हे सिद्ध करावं लागतं. याला प्रमेय म्हणत नसाल तर कशाला म्हणता?

आणि बारावीला सर e च्या -x² घाताचं इंटिग्रेशन "येत नाही" म्हणायचे ना? कोणाला येत नाही? सरांना की कोणालाच? कोणालाच, कारण नेहमीच्या फलनांत त्याचं उत्तरच नाही. गणिती लिऊव्हिलने १८३० च्या दशकात त्याचा पाया घातला, आणि रॉबर्ट रिशने १९६८ ते ७० मध्ये असं उत्तर आहे की नाही ते ठरवायची रीत दिली. आज बटण दाबल्यावर यंत्र नेहमीच्या फलनांत उत्तर न देता erf नावाचं त्यासाठीच बनवलेलं खास फलन पुढे करतं, त्या नकारामागे केवढं गणित आहे.

होटगी रोड
रिश मान्य. बुखबर्गर मान्य. बाकीचे काय करतात? त्यांच्याच रीती थोड्या जलद करतात आणि पेपर छापतात. मी लांबून बोलत नाहीये, मालक. एमएस्सीनंतर मी स्वतः यात उतरलो होतो. बुखबर्गरच्या रीतीने ग्रोब्नर बेसिस काढायला लावायचं, म्हणजे अनेक चलांची समीकरणं सोडवायला सोपी करून घ्यायची, आणि चहाला जायचं, परत आलो की मशीन हँग. पाच चलं नाही झेपली त्याला. सोडलं आणि बँकेची परीक्षा दिली. पश्चात्ताप शून्य.

बाळीवेसकर
मशीनला कशाला बोल लावता? वाईटात वाईट परिस्थितीत हा हिशेब घातांकाच्याही घातांकाने फुगतो, हे मायर आणि मेयर यांनी १९८२ साली सिद्ध केलंय. ज्याला कंटाळून तुम्ही बँकेत गेलात ते प्रमेयच होतं.

होटगी रोड
वा. म्हणजे चालत नाही हेही यांचंच यश.

जुळे सोलापूरची मॅडम
दोघांचंही भांडण चुकीच्या जागी चाललंय. प्रमेय आहे की नाही हे बढतीच्या मुलाखतीत कोण विचारतं? मी विद्यार्थ्यांसाठी मॅक्झिमा या फुकट बीजगणिती सॉफ्टवेअरमध्ये बरंच काम करून ठेवलं, आसपासची कॉलेजंही वापरतात. मूल्यमापनाच्या फॉर्मात त्याला रकानाच नव्हता. समितीतले एक जण म्हणाले, "मॅडम, छंद म्हणून छान आहे." तिथंच कोणीही न वाचलेल्या पेपरला गुण. बाहेरही वेगळं नाही. सेज हे तसलंच सॉफ्टवेअर सुरू करणाऱ्या विल्यम स्टाइनने पक्की प्राध्यापकी सोडून स्वतःच्या कंपनीला वाहून घेतलं, कारण विद्यापीठात राहून अशा सॉफ्टवेअरला पैसा उभा राहीना. उलट भौतिकशास्त्रज्ञ वेल्टमनने १९६३ मध्ये स्खोनस्खिप हा बीजगणिती प्रोग्राम लिहिला, हाताने न आवरणारी बीजगणितं यंत्राकडून करून घेतली आणि १९९९ मध्ये भौतिकीचं नोबेल घेतलं. पण नोबेल मिळेपर्यंत थांबायला पगार लागतो.

साखर पेठ
कोडला हसणारे बघून मला तर नवल वाटतं बगा. आमचे वडील चादरीच्या नक्षीसाठी जकार्ड मागाची भोकांची कार्डं पाडायचे. आधी ग्राफवर डिझाइन, मग एकेक भोक. एक भोक चुकलं की मोराची मान वाकडी. १८०४ चा जकार्डचा माग, त्यावरूनच बॅबेजने आपल्या गणिती यंत्रासाठी कार्डं घेतली. १८४३ मध्ये एडा लव्हलेसने लिहून ठेवलंय की माग फुलं-पानं विणतो तसं ते यंत्र बीजगणिताची नक्षी विणेल. सोलापूरच्या पूर्व भागात हे कार्डं पाडायचं काम घरोघर चालायचं. त्यांना कोणी गणिती म्हटलं नाही, मजूर म्हटलं.

विजापूर वेस
आणि सोलापुरी चादरीच्या त्याच नक्ष्या उचलून पानिपतवाल्यांनी मार्केट खाल्लं, त्याचं काय? जीआय, म्हणजे 'हा माल इथलाच' असा कायदेशीर शिक्का, घेऊन उपयोग काय झाला?

साखर पेठ
पानिपतला शिव्या देऊन काय होतंय. आपल्याच व्यापाऱ्यांनी तिकडून माल आणून इथलं लेबल लावलं. कारखानदारांनी वेळेवर माग बदलले नाहीत, तेही बोला की.

विजापूर वेस
माग बदलायला पैसा तुम्ही देणार होता काय? वीजबिल बघितलंय का कधी यंत्रमागाचं? आमचे चार माग भंगारात गेले तेव्हा भाषण द्यायला कोणी आलं नव्हतं.

साखर पेठ
माग भंगारात गेल्याचं तुम्ही सांगताय. त्यावर काम करणाऱ्यांचं काय झालं, तेही सांगा.

जुळे सोलापूरची मॅडम
अहो, धागा ग्रोब्नर बेसिसचा होता.

होटगी रोड
चालू द्या मॅडम, हा जास्त उपयोगाचा आहे. बरं, बाळीवेसकर, एवढं लिहून देतो: नकार सिद्ध करणं हे गणित आहे. प्राध्यापक महाशयांनी त्यातलं नेमकं काय केलं, ते तुम्ही अजून सांगितलेलं नाही. बाकीच्यांच्या पुण्याईवर त्यांना तारू नका.

बाळीवेसकर
बहुपदींचे अवयव पाडणं. बर्लकँपची १९६७ ची रीत मर्यादित क्षेत्रावर, म्हणजे मूळ संख्येच्या बाकीत मोजतात तिथं, चालते, तिथून पूर्णांकांवर येताना तुकडे जुळवायचा जो भाग आहे, त्यावर. अमुक परिस्थितीत कुठले तुकडे जुळवून बघायचीच गरज नाही, हे त्यांनी दाखवलंय. सिद्धतेसकट. पेपर पाठवू?

होटगी रोड
पाठवा. वाचीनच असं नाही.

विजापूर वेस
ते होत राहील. परवा नव्या पेठेत एका दुकानात मला 'अस्सल सोलापुरी' म्हणून जी चादर गळ्यात मारली, ती घामाने चिकटतीय नुसती. हे ओळखायची काही रीत आहे का तुमच्या कोणाकडं?

साखर पेठ
कडेचा एक धागा काढून जाळा, मालक. कापसाची राख होते, पॉलिस्टरचा काळा गोळा होतो.