येरळेच्या पाणलोटात विहिरी मोजताना

बंधारे तुडुंब भरले म्हणजे पाणलोटाचे, म्हणजे पाणी अडवून जमिनीत मुरवण्याचे, काम फळाला आले, असे या चर्चेत मांडले गेले आहे. त्याला थोडी जोड द्यावीशी वाटते. भूगोलाची विद्यार्थिनी असताना, येरळा नदीच्या पाणलोटावर संशोधन करणाऱ्या आमच्या सरांना मी खटाव तालुक्यात विहिरींची पातळी मोजण्यास मदत केली होती. महादेव डोंगररांगेत उगम पावून सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळणारी ही नदी पर्जन्यछायेच्या प्रदेशातून वाहते, त्यामुळे तिथे साठलेल्या पाण्याइतकेच मुरलेले पाणी महत्त्वाचे ठरते.

पोलादी टेपच्या टोकाला खडू फासून ती विहिरीत सोडायची आणि खडू कुठवर भिजला ते पाहून खोली नोंदवायची, ही पद्धत साधी आहे. परंतु मोटर शेवटची केव्हा चालली हे शेतकऱ्याला विचारल्याखेरीज त्या आकड्याला अर्थ नसतो, कारण उपशानंतर विहीर पुन्हा भरायला वेळ लागतो. काळ्या पाषाणात पाणी मुरमाच्या थरात आणि खडकाच्या भेगांत साठते, म्हणून एकाच बांधालगतच्या दोन विहिरीही वेगळी पातळी दाखवतात. तिथल्या शेतकऱ्यांना हे आमच्याआधीच ठाऊक होते, आणि त्यांचे म्हणणे स्वतंत्र रकान्यात लिहिण्याचा सरांचा आग्रह मला आजही फार मोलाचा वाटतो.

तेव्हा बंधाऱ्यांच्या छायाचित्रांसोबत त्यांच्याजवळच्या त्याच त्या विहिरींच्या मे आणि ऑक्टोबरमधील, म्हणजे पावसाळ्याआधीच्या आणि नंतरच्या, पातळ्या, त्या वर्षीच्या पावसाच्या नोंदीसह, कोणाकडे असल्यास कृपया येथे द्याव्यात.