मदत हवी आहे : १९९८ च्या झेनला एस्टीमचं इंजिन बसवायचंय, पण आधी ब्रेकचं काय करू?

तांबडी_झेन

नमस्कार मंडळी,

घरात १९९८ ची मारुती झेन आहे. कार्ब्युरेटरवाली, एमएच ०९. पत्रा ठणठणीत, तळाला गंज नाही, एसी चालू. २०२३ ला नोंदणीचं रिन्यूअल झालंय, म्हणजे २०२८ पर्यंत कागद साफ. इंजिनाने मात्र मान टाकलीय. सकाळी स्टार्ट केली की निळा धूर, हजार किलोमीटरला ऑइल टॉप-अप, आणि चौघं बसून एसी लावला की राधानगरीच्या पुढे चढाला जीव काढते. मिस्त्री म्हणतात हाफ इंजिन (म्हणजे रिंग-पिस्टन-बोअरचं काम) करून टाका.

त्यातच एक एस्टीम समोर आलीय. २००४ ची, एमपीएफआय (म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी पेट्रोल इंजेक्शनवाली), मागून ठोकलेली. मालक ती भंगारात घालणार होता, अख्खी गाडी द्यायला तयार आहे. इंजिन मी स्वतः चालू करून ऐकलं, आवाज स्वच्छ. झेनचं इंजिन ९९३ सीसी, ५० बीएचपी. हे १२९८ सीसी आणि ८५. झेनसारख्या हलक्या गाडीत हे बसलं तर काय होईल या विचाराने झोप उडालीय, खोटं कशाला बोलू.

पण ब्रेकचं काय? आमचं कणकवलीला जाणंयेणं असतं, दाजीपूरवरून फोंडा घाटाने. घाट अर्धा उतरला की पेडल हळूहळू खाली जायला लागतं. शेवटच्या वळणांना पंपिंग करावं लागतं. खाली फोंड्यात चहाला थांबलो की अर्ध्या तासात पुन्हा नॉर्मल. पॅड नवीन आहेत, गेल्याच वर्षी टाकले. ५० बीएचपीला ही गत, तर ८५ ला काय होणार?

एक जण म्हणतो एस्टीमचे डिस्क-कॅलिपर (ब्रेकची तबकडी आणि तिच्यावर पॅड दाबणारा भाग) उचलून लाव, विषय संपला. दुसरा म्हणतो १४ इंची चाकं घाल आणि स्विफ्टच्या डिस्क बसव. तिसरा म्हणतो मागेही डिस्क कर. ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगा. बजेट सगळं मिळून लाखाच्या आत.

चौथा_गियर

वाचतोय. माझ्याकडेही झेन आहे, ती विकायला घरचे मागे लागलेत.

उद्यमनगरकर

भावा, इंजिन दोन मिनिटं बाजूला ठेव. तू जे लिहिलंयस त्यात उत्तर आहे.

घाटात ब्रेक जातात ते दोन तऱ्हेने. पॅड तापून गुळगुळीत झाले तर पेडल कडकच राहतं, जोर लावला तरी गाडी थांबत नाही. आणि ब्रेक ऑइल उकळलं तर पेडल मऊ होऊन खाली जातं, कारण लाइनमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि तू ऑइल नाही, वाफ दाबत बसतोस. गार झालं की वाफेचं परत पाणी, पेडल जागेवर. तुझं हे दुसरं आहे. यात डिस्कचा आकार नंतर येतो.

ऑइल शेवटचं कधी बदललं? टॉप-अप नव्हे, पूर्ण काढून. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढतं आणि ओल आत गेली की उकळायचा बिंदू खाली येतो. डॉट ३ दर्जाचं ऑइल नवं असताना किमान २०५ अंशाला उकळतं, ओल शोषल्यावर त्याची हद्द १४० वर येते. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. आपल्या पावसाळ्यात दोन वर्षं ठेवलेलं ऑइल कुठे असेल, विचार कर. डॉट ४ टाक, पण डॉट ५ लिहिलेला डबा घेऊ नकोस. ते सिलिकॉन असतं, यात मिसळत नाही.

दुसरं. सपाट रस्त्यावर दहा किलोमीटर ब्रेक कमीत कमी वापरून चालव, थांब, आणि चारही चाकांजवळ हात धर. डिस्कला लावू नकोस, फोड येईल. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा गरम लागलं तर तिथला कॅलिपर चिकटतोय. पिन सुकलेली असते, नाहीतर पिस्टनला गंज, नाहीतर रबरी होज आतून सुजलेला. होजचं बहुतेक मिस्त्री बघतच नाहीत. बाहेरून चांगला दिसतो, आतून फुगलेला असतो, पेडल दाबलं की ऑइल जातं आणि सोडल्यावर परत येत नाही.

आणि मागचे ड्रम उघड. शू (ड्रमला आतून घासणारा ब्रेकचा तुकडा) आणि ड्रममधली गॅप वाढली की पेडलचा पहिला अर्धा हिस्सा तिथेच खर्च होतो.

सिंधुदुर्गी

फोंडा घाट कुठल्या गियरमध्ये उतरता? आमच्या बाजूला कोल्हापूरकडून येणाऱ्या गाड्यांचा वास आधी येतो, गाडी मागून. दुसऱ्यात उतरा. नाहीतर एस्टीम काय, लॉरीचे ब्रेक लावा, तेच होणार.

पाना_पक्कड

सिंधुदुर्गी यांनी चेष्टेत म्हटलंय, पण हिशेब बघा. माणसं-सामान धरून १००० किलोची गाडी समजा ५०० मीटर खाली उतरली, तर सुमारे ४९ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. ताशी १०० वरून एकदा पूर्ण थांबायला साधारण ३.९ लाख. म्हणजे फक्त ब्रेकवर घाट उतरणं हे १०० वरून लागोपाठ बारा-तेरा वेळा कचकन थांबण्यासारखं झालं. इंजिन ५० चं आहे की ८५ चं, याचा इथे संबंध नाही. उलट १३०० चं इंजिन खालच्या गियरमध्ये गाडी जास्त धरून ठेवेल.

८५ चा त्रास सपाट रस्त्यावर. हायवेला तुम्ही ८० ने जायचात, आता नकळत १०० ने जाणार. वेग सव्वापट झाला की थांबवायची ऊर्जा दीडपटीहून जास्त होते. तिथे मोठ्या डिस्कचा उपयोग आहे. टायरही बघा, शेवटी गाडी टायर थांबवतो. सहा वर्षं जुन्या कडक टायरवर कुठलेही ब्रेक लावून फायदा नाही.

तांबडी_झेन

मंडळी, रविवारी चाकं खोलली. रिझर्व्हॉयरमधलं ऑइल कोऱ्या चहाच्या रंगाचं. पुढच्या डाव्या कॅलिपरची खालची पिन हलतच नव्हती, पाना लावून काढावी लागली. आतला पॅड जवळजवळ संपलेला, बाहेरचा नव्यासारखा. मागच्या उजव्या ड्रममध्ये व्हील सिलिंडरखाली ओल होती, शूवर ऑइलचा डाग. गेल्या वर्षी ज्यांनी पॅड टाकले त्यांनी बाकी काही उघडलंच नसणार.

पिना, रबर किट, मागचे दोन्ही सिलिंडर, शू, पुढचे दोन्ही होज आणि डॉट ४ अशी ऑर्डर दिलीय. पण प्रश्न उरतोच. इंजिन बदललं तर एस्टीमचे पुढचे ब्रेक लावायचे की नाही? गाडी मिळतेच आहे तर फुकटात आहेत.

उद्यमनगरकर

शाब्बास. सिलिंडर मागचे दोन्ही बदलतोयस ते बरं केलंस.

एस्टीमचे ब्रेक फुकट आहेत, त्यांच्यामागून येणारं काम फुकट नाही. आधी बघ त्या गाडीवर डिस्क सॉलिड आहे की मधे हवेचे खाचे असलेली. सॉलिड असेल तर उचापत करण्यात अर्थ नाही. खाचेवाली असेल तर ती जाड, उष्णता लवकर सोडते. पण तिला तिचाच कॅलिपर लागतो, आणि नुसत्या कॅलिपरपेक्षा नकल (चाक ज्यावर बसतं तो सांधा), हब, बेअरिंग सगळं एकत्र उचललेलं बरं. चाक घालून हाताने फिरव, रिमला आतून कॅलिपर घासतोय का बघ, मग पुढचं.

आता मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबल्यावर लाइनमध्ये ऑइल ढकलणारा. कॅलिपरचा पिस्टन मोठा झाला की त्याला ऑइल जास्त लागतं, मास्टर जुनाच ठेवला तर पेडल लांब जातं. मास्टर मोठ्या बोअरचा लावला तर पेडल वर येतं, पण पायाला जोर जास्त लागतो, मग बूस्टर (पायाच्या जोराला इंजिनच्या व्हॅक्यूमची मदत देणारा डबा) बदला. एक ओढलं की दुसरं येतं. म्हणून मी म्हणेन, लावायचं तर एस्टीमचा पुढचा सेट, मास्टर आणि बूस्टर एकाच गाडीतून. बूस्टरची परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाब, दाबून धर आणि स्टार्ट कर. पेडल किंचित खाली गेलं पाहिजे.

मागे डिस्क करायचं डोक्यातून काढ. पुढून चालणाऱ्या गाडीचं वजन मुळातच पुढे असतं, ब्रेक मारला की आणखी पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात. तिथे ब्रेक वाढवला आणि मागची चाकं आधी लॉक झाली तर गाडी गोल फिरते. चाक लॉक होऊ न देणारं एबीएस नाही आपल्याकडे. पुढची आधी लॉक झाली तर निदान सरळ जाते, पाय उचलला की स्टिअरिंग परत मिळतं. अशा गाड्यांत ब्रेकच्या लाइन बहुतेक तिरक्या असतात, पुढचं डावं नि मागचं उजवं एका लाइनवर. त्यामुळे एकच ॲडजस्टेबल व्हॉल्व्ह मधे टाकून मागचा दाब कमी करतो म्हणणाऱ्याकडे गाडी देऊ नकोस.

डबल_क्लच

मी हे इंजिन झेनमध्ये टाकून चालवलंय, म्हणून लिहितो. मजा येते, नाही म्हणणार नाही. दोन्ही सुझुकीच्या जी घराण्यातली, दोन्हीचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा, त्यामुळे पुढच्या बाजूला वजनाचा डोंगर होत नाही. झेनचा बोअर-स्ट्रोक (सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची धाव, मिलिमीटरमध्ये) ७२ बाय ६१, याचा ७४ बाय ७५.५. स्ट्रोक एवढा लांब झाल्यावर खालची ओढच वेगळी, तिसऱ्यात चढ चढते.

पण नुसतं इंजिन आणू नका, अख्खी गाडी आणा. वायरिंग हार्नेस, इसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर), सगळे सेन्सर, एअर फिल्टरचा डबा, रेडिएटर, गिअरबॉक्स, सायलेन्सरचा पुढचा पाइप. हार्नेस मधे कापू देऊ नका, कापलेल्या वायरिंगने मला वर्षभर छळलं.

सगळ्यात वेळखाऊ पेट्रोलची लाइन. तुमच्या कार्ब्युरेटरला पाव बारच्या आसपास दाब पुरतो, इंजेक्शनला अडीच-तीन बार लागतो. जुना रबरी पाइप आणि जुबिली क्लिप तशीच ठेवली तर इंजिनवर पेट्रोलचा फवारा. एमपीएफआय झेनची टाकी पंपासकट मिळाली तर तीच बसवा. ॲक्सलचा बाहेरचा जॉइंट झेनच्या हबला आणि आतला एस्टीमच्या बॉक्सला जुळला पाहिजे, नकल एस्टीमचे घेतले तर ही भानगड कमी होते, लांबी मात्र मोजूनच घ्या. डावा-उजवा ॲक्सल सारख्या लांबीचा नसतो, त्यामुळे दुसऱ्या गियरमध्ये पाय दिला की स्टिअरिंग एका बाजूला ओढतं. पावसात तर हातच सोडू नये. आणि इंजिन बाहेर आहे तोवर टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, ऑइल सील, क्लच प्लेट बदला. नंतर त्या खोक्यात हात जात नाही.

माझी गाडी ट्रॅक-रॅलीसाठीच होती, रस्त्यावर आणत नव्हतो. हे महत्त्वाचं आहे.

कागदोपत्री

डबल_क्लच यांचं शेवटचं वाक्य ठळक करायला हवं होतं. मी आरटीओची कामं करतो, म्हणून आधी हे.

आरसीवर इंजिन नंबर असतो आणि सीसीही असते. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे कंपनीने मूळ दिलेल्या तपशिलापेक्षा आरसीवरचा तपशील वेगळा होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. त्याच मेकचं, त्याच प्रकारचं इंजिन बदलता येतं, तेही परवानगी घेऊन, आणि नवा नंबर आरसीवर चढवून. ९९३ च्या जागी १२९८ हा त्याच प्रकारचा बदल नाही. कोणी एजंट 'करून देतो' म्हणाला तर २०२८ ला फिटनेसच्या वेळी तो फोन उचलणार नाही.

दंड २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-ए खाली आहे, मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मला त्यापेक्षा इन्शुरन्सची भीती वाटते. अपघातात समोरच्याला लागलं आणि सर्व्हेयरने इंजिन नंबर ताडून पाहिला, तर पुढची भांडणं तुमच्या खिशातून.

आणि ती एस्टीम घेतलीत तरी तिचे कागद, मालकाची सही, कर्ज होतं तर एनओसी, सगळं घ्या. भंगारातून आलेल्या इंजिनाचा नंबर चोरीच्या गाडीचा निघाला तर चौकीवर तुम्ही बसता, भंगारवाला नाही.

तांबडी_झेन

कागदोपत्री साहेब, पाय जमिनीवर आणलेत. धन्यवाद.

अपडेट. पार्ट बसले, ऑइल पूर्ण बदललं, चारही चाकांच्या ब्रेक लाइनमधली हवा काढली. काल घाट उतरलो, दुसऱ्या गियरमध्ये. घाटाच्या वरपासून खालपर्यंत पेडल एकाच जागी. बायको म्हणाली यावेळी पाय का नाचवत नव्हतास. पुढच्या दोन्ही चाकांचा ताप सारखा.

म्हणजे आता एस्टीमचा विषय बंद करून आहे तेच इंजिन करायचं? की १००० चंच दुसरं चांगलं इंजिन शोधायचं?

उद्यमनगरकर

आहे तेच कर. नंबर तोच राहतो, आरटीओचा प्रश्नच नाही. पण खोलायच्या आधी कॉम्प्रेशन टेस्ट घे, प्रत्येक सिलिंडरची कोरडी आणि मग चमचाभर ऑइल टाकून. ऑइल टाकल्यावर आकडा चढला तर रिंग-बोअर गेलेत. नाही चढला तर दाब व्हॉल्व्हकडून जातोय. फक्त सकाळी स्टार्टला निळा धूर येत असेल आणि पुढे निवळत असेल, तर व्हॉल्व्ह सीलच असण्याची शक्यता जास्त, आणि ते काम हाफ इंजिनच्या मानाने चिल्लर आहे. तुझा धूर चालताना येतो की फक्त स्टार्टला?

तांबडी_झेन

स्टार्टला येतो, दोन-तीन मिनिटांत थांबतो. आणि घाट उतरून खाली परत ॲक्सिलरेटर दिला की एक भपकारा.

उद्यमनगरकर

मग हाफ इंजिन करू नकोस अजून. उताराला पाय उचलला की इंजिनात व्हॅक्यूम वाढतो आणि ऑइल व्हॉल्व्हच्या दांड्यावरून खाली ओढलं जातं, पुन्हा पाय दिला की ते जळतं. सीलचीच खूण. कॉम्प्रेशनचे चार आकडे इथे टाक, मग हेड उतरवायचं का ते बघू. आणि कार्ब्युरेटर एकदा साफ करून घे, चढाला दम लागतो त्यातला निम्मा तिथे असेल.

चौथा_गियर

मीही आज ब्रेक ऑइलचं झाकण उघडून बघितलं. काळं. डॉट ४ चा अर्धा लिटर पुरेल का सगळं बदलायला?

पाना_पक्कड

लिटरचा डबा घ्या. मास्टरपासून लांबच्या चाकापासून सुरुवात करा, जोवर स्वच्छ येत नाही तोवर काढत राहा, रिझर्व्हॉयर रिकामा होऊ देऊ नका. उरलेलं ठेवून देऊ नका, उघडलेला डबाही ओल ओढतो. आणि रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, पेंट खातं.