सॅन्टोरिनीच्या रखरखीत बेटावरील वाइनमध्ये आंबटपणा टिकतो कसा?

प्रश्न: ग्रीसमधील सॅन्टोरिनी बेटावर वर्षाला ४०० मिलिमीटरहून कमी पाऊस पडतो आणि उन्हाळा जवळजवळ कोरडा जातो. उष्ण हवेत द्राक्ष पिकताना साखर चढते व आम्लता उतरते, हा सर्वत्र येणारा अनुभव आहे. तरीही तेथील असिर्तिको या पांढऱ्या द्राक्षाची वाइन लिंबासारखी तरतरीत लागते. हे श्रेय वाणाचे मानावे की मातीचे?

प्रतिसाद १: दोघांचेही. पूर्ण पिकल्यावरही आम्लता धरून ठेवणे हा असिर्तिकोचा मूळ स्वभाव आहे. त्यात इसवी सनापूर्वी सुमारे १६०० च्या ज्वालामुखीच्या महास्फोटाने बेटावर राख आणि प्युमिस या हलक्या ज्वालामुखी खडकाचे जाड थर पसरले. या मातीत सेंद्रिय द्रव्य नाममात्र आणि पालाश (पोटॅशियम) फार कमी असतो. पालाश द्राक्षरसातील टार्टारिक आम्लाशी संयोग पावून सामू (pH) वाढवतो, म्हणजे आंबटपणा कमी करतो. तोच येथे तुटपुंजा असल्याने रस आंबट राहतो. सच्छिद्र प्युमिस समुद्रावरून येणाऱ्या धुक्याचा ओलावाही शोषून ठेवतो.

प्रतिसाद २: वेलीच्या वळणाकडेही पाहावे, कारण मला तेच सर्वांत विलक्षण वाटते. येथे मांडव नाही, तारा नाहीत. दर हिवाळ्यात छाटणी करणारा जमिनीलगत वाकून काड्या गोल वळवत एकमेकींत गुंफतो आणि वर्षानुवर्षे त्याची टोपली होत जाते; तिला ‘कुलूरा’ म्हणतात. घड टोपलीच्या आत, पानांच्या सावलीत वाढतात, त्यामुळे मेल्तेमी या उन्हाळ्यातील जोरदार वाऱ्याने उडणारी वाळू मण्यांना फोडत नाही आणि ऊनही थेट भाजत नाही. टोपली म्हातारी झाली की ती जमिनीलगत कापतात व जुन्याच मुळांवर नवा फुटवा धरतात. मातीत चिकणमाती जवळजवळ नसल्याने फायलोक्झेरा ही मुळे खाणारी कीड येथे टिकली नाही, म्हणून कीड सोसणाऱ्या परक्या मुळांवर कलम करण्याचीही गरज पडली नाही. उत्पन्न मात्र फारच थोडे येते.

प्रश्नकर्ता: दोघांचेही मनःपूर्वक आभार. मग विनसांतोसारख्या गोड वाइनमध्येही हा आंबटपणा जाणवतो का?

प्रतिसाद ३: निश्चितच. विनसांतोसाठी घड उन्हात सुमारे दोन आठवडे वाळवतात. त्यात किमान ५१ टक्के असिर्तिको आणि जोडीला प्रामुख्याने आयदानी व अथिरी ही द्राक्षे असतात, आणि वाइन निदान दोन वर्षे लाकडी पिंपात मुरते. पाणी उडून साखरेबरोबर आम्लही दाट होते, त्यामुळे इतकी गोड असूनही ती जिभेवर चिकट होऊन बसत नाही.