मदत हवी आहे: पाठीवरच्या खुणांवरून लांडगा कोळ्याची जात ओळखता येते का?

नमस्कार मंडळी,

मावळात आमचं भात आहे. इंद्रायणी वाण पोटरीला आलंय, म्हणजे कणसं पोटात भरतायत. तुडतुडे (भाताचा रस शोषणारे किडे) बघायला रोज चुडांच्या बुडाशी वाकतो, तेव्हा हे कोळी हमखास दिसतात. रात्री कपाळाला बॅटरी बांधून गेलं तर बांधभर हिरवट ठिणग्या चमकतात. ते यांचे डोळे.

लांडगा कोळी आहे इथवर खात्री आहे. डोळ्यांच्या तीन ओळी: खाली चार बारीक, मधे दोन टपोरे, वर मागे दोन मध्यम. मादीने अंड्यांची पिशवी पोटाच्या टोकाला चिकटवलेली असते. काल एक मादी पाठीवर पिल्लांचा थर घेऊन पाण्यावरून पळाली, दोन-तीन पिल्लं लोंबकळत पायांवर आली तरी थांबली नाही.

डोक्यामागे मधोमध फिकट पट्टा, त्यात डोळ्यांच्या मागून निघालेला काट्या-चमच्यातल्या काट्यासारखा गडद आकार, पोटावर पांढुरके ठिपके. यावरून पार्डोसा स्यूडोअ‍ॅन्युलाटा असावा असं वाटतं. पण त्याच खाचरात बारके, काळपट कोळीही आहेत, त्यांच्यावर काटा धड दिसत नाही. ही वेगळी जात, की पिल्लं?

दुसरं, बांधाच्या गवतात चादरीसारखं जाळं आणि कडेला नळी करून बसणारा एक आहे. डोळे अगदी असेच. लांडगा कोळी जाळं विणत नाही ना?

आमच्या गटातली मंडळी फवारणीच्या बेतात आहेत. औषधाने आधी कोळी मरतात आणि मग तुडतुडे दुपटीने उठतात, हे मी दोन हंगाम बघितलंय. फोटो दाखवून ‘हा आपला आहे, याला मारू नका’ म्हणायचं आहे, तेही खरं नाव घेऊन.

प्रतिसाद:
दादा, जाळ्यातला हिप्पासा असणार. लांडगा कोळ्यांच्याच कुळातला, पण जन्मभर जाळ्यात राहणारा. पोटाच्या टोकाला दोन लांब सूत्रकं (धागा काढणारे अवयव) बाहेर आलेली दिसतील.

काट्याची खूण आणि भाताचं खाचर जुळतंय, तुमचा अंदाज चांगला आहे. पण रंग-खुणा वयाप्रमाणे बदलतात, नर-मादीतही फरक असतो. पक्की जात फक्त प्रौढाची ठरते: मादीच्या पोटाखालची जननचकती आणि नराच्या तोंडाजवळच्या स्पर्शपादांची टोकं बघून. पारदर्शक डबीत घेऊन खालून फोटो काढा आणि लगेच सोडा. नोंदीत तोवर ‘पार्डोसा, जात अनिश्चित’ असंच लिहा.

धागाकर्ता:
मनापासून आभार, ताई. आज सकाळी लोणच्याच्या बरणीत घेतले. मोठीच्या पोटाखाली तपकिरी, चकचकीत चकती दिसली. काळपट बारक्यांपैकी तिघांच्या स्पर्शपादांची टोकं बोंडासारखी फुगलेली आहेत. म्हणजे ती पिल्लं नाहीत, नर आहेत, बरोबर ना? दोन्ही फोटो जोडलेत. हे नर त्याच जातीचे आहेत का, तेवढं कुणी सांगा. फवारणीचं रविवारी ठरणार आहे.