मदत हवी आहे: ओढ्यांच्या गेलिक नावांचं कुठलं स्पेलिंग धरायचं?

नदीकाठ: ओढ्यांच्या नावांची अर्थासकट यादी करतेय. एकाच ओढ्याचं नाव तीन ठिकाणी तीन तऱ्हेने लिहिलेलं सापडतं. खरं कुठलं? रविवारी यादी द्यायचीय.

नकाशेवाला: गेलिक भाषा कुठली, स्कॉटलंडची की आयर्लंडची? स्कॉटलंडात 'आल्ट' म्हणजे ओढा, आयर्लंडात त्याचाच भाऊबंद शब्द डोंगरउताराला लावतात.

नदीकाठ: स्कॉटलंडच हो. बेन नेव्हिस डोंगराचा परिसर. 'आल्ट अ वुलिन' वगैरे.

नकाशेवाला: मग एकच निवडू नका, सगळी टिपा. ऑर्डनन्स सर्व्हे म्हणजे ब्रिटनचं सरकारी नकाशाखातं, त्यांच्या १८७०च्या दशकातल्या नेम बुक्स, म्हणजे ठिकाणांच्या नावांच्या नोंदवह्या, ऑनलाइन आहेत. रकाने तिथलेच उचला: नाव, स्पेलिंगचे प्रकार, ते कुणी सांगितले, जागा, वर्णन. तिसरा रकाना गाळलात तर यादी निकामी. इस्टेटीच्या कारभाऱ्याचा शब्द आणि तिथल्या मेंढपाळाचा शब्द एका तागडीत तोलता येत नाही.

मोर_बेग: जुनी स्पेलिंगं कशाला साठवायची? १९८१च्या लेखननियमांपासून उजवीकडे वर जाणारं स्वरचिन्ह बाद, फक्त उलट्या दिशेचं ठेवतात. एनमन-आचे ना हालपा या स्कॉटलंडच्या गेलिक स्थळनावांच्या संस्थेच्या संकेतस्थळावर नाव असेल तर तेच प्रमाण रूप घ्या, विषय संपला.

नकाशेवाला: नाही संपत. प्रमाण रूपाला वेगळा रकाना द्या. जुनं पुसलं की अर्थ तपासायला आधारच राहत नाही.

डोंगरवेडा: टॉरलंडीच्या नॉर्थ फेस कार पार्कपासून निघा. आल्ट अ वुलिनच्या कडेने वाट थेट सीआयसी हट या गिर्यारोहकांच्या झोपडीपर्यंत जाते.

नदीकाठ: मला चढायचं नाहीये! 'वुलिन' शब्दकोशात मिळत नाही, त्याचं सांगा.

षष्ठी: मिळणारच नाही, ते षष्ठीचं रूप आहे. एमपुढे एच आला की उच्चार 'व'. तो एच काढा, शेवट प्रथमेचा करा: 'मुलन', गिरणी. म्हणजे गिरणीचा ओढा. शेवटची अक्षरं तर डोळ्यांत तेल घालून उतरवा: 'आल्ट अ खूरिन' रोवन झाडाचा, शेवटी 'खूराख' असेल तर मेंढ्यांचा. गावातल्या गेलिकभाषकाचा उच्चार रेकॉर्ड करताना नकाशा समोर धरू नका, छापलेलंच वाचून दाखवतात.

मोर_बेग: ऑल्टबी गावाचं नाव पण टाका, 'आल्ट बेहे', बर्च झाडाचा ओढा.

नकाशेवाला: ते वेस्टर रॉस या दुसऱ्याच भागात, यांच्या यादीत कशाला? नदीकाठ, जागेसाठी एक ग्रिड संदर्भ (नकाशावरच्या चौकटींवरून काढलेला जागेचा आकडा) पुरत नाही. उगम आणि संगम दोन्ही द्या. वुलिनचा संगम लोखी नदीशी. वर कोरींमधून (डोंगरातल्या वाडग्यासारख्या खोलगट दऱ्यांमधून) येणाऱ्या फाट्यांना स्वतंत्र नावं आहेत, त्यांना स्वतंत्र ओळ.

नदीकाठ: आणि नकाशावर नावच नसलेला फाटा?

षष्ठी: ओळ ठेवा, नाव कोरं. स्वतः बनवून लिहू नका.