कायोटी पकडून नेल्याने काय साधेल?
वस्तीतले कायोटी (उत्तर अमेरिकेतले कोल्ह्यासारखे रानटी प्राणी) पकडून दूर सोडावेत, ही काही जण करतात ती सूचना समजण्यासारखी असली तरी तिचा उपयोग फार काळ टिकत नाही, कारण रिकामी झालेली हद्द लवकरच दुसरा कायोटी बळकावतो. शिकागो परिसरात २००० सालापासून वन्यजीव संशोधक स्टॅन्ली गेर्ट यांच्या चमूने कायोटींच्या गळ्यात ठावठिकाणा कळवणारे रेडिओ-पट्टे बांधून केलेल्या अभ्यासात असे दिसले, की हे प्राणी मुख्यतः उंदरांसारखे कृंतक आणि ससे खातात व माणसांना टाळण्यासाठी रात्रीच अधिक वावरतात. मांजर किंवा लहान कुत्रे हे त्यांचे नेहमीचे भक्ष्य नव्हे. पण अंगणात एकटे सापडले, तर ते सोडतीलच असे नाही.

आमच्या उपनगरात पक्ष्यांसाठी टांगलेल्या दाण्यांखाली उंदीर जमतात आणि त्यांच्यामागे कायोटी येतो, हे ध्यानात यायला आम्हाला दोन हिवाळे लागले. (मांजरीचे खाणे रात्रभर बाहेर ठेवणे, हे तर उघड आमंत्रणच.) जानेवारी ते मार्च या त्यांच्या मीलनकाळात आणि पुढे पिल्ले लहान असेपर्यंत कुत्र्याला ६ फुटांच्या साध्या पट्ट्यानेच फिरवावे. कायोटी समोर आलाच, तर पळू नये. लहान कुत्र्याला उचलून घ्यावे आणि हात उंचावून मोठ्याने ओरडावे. मात्र जवळपास पिल्लांचे बीळ असल्याची शंका आल्यास त्याच्याकडे पाठ न करता शांतपणे मागे सरावे.